मिथेनवरचा कर आणि कोल्हापूरची म्हैस

न्यूझीलंडमध्ये गुरांच्या मिथेनवर (हवामान तापवणाऱ्या वायूवर) कर नको म्हणून निघालेल्या ट्रॅक्टर मोर्च्यांचे व्हिडिओ गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले की खाली ठरलेली ओळ असते: 'बघा, गोऱ्यांचा शेतकरीसुद्धा हवामानाच्या थोतांडाला भीक घालत नाही.' मी राहते वायकाटोत, इथल्या दूधधंद्याच्या ऐन पट्ट्यात. इथून पाहताना हा निष्कर्ष काही पटत नाही.

वाद जुना आहे. 2003 साली सरकारनं गुरांच्या वायूवरच्या संशोधनासाठी शेतकऱ्यांवर छोटी पट्टी बसवायची ठरवली. लोकांनी तिला 'पादकर' म्हणून हिणवलं (मिथेन येतो तो मुख्यतः ढेकरांतून, पण ढेकराला मथळा मिळत नाही). खासदार शेन आर्डर्न यांनी संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला, पट्टी बारगळली. 2022 मध्ये जेसिंडा आर्डर्न यांच्या सरकारनं मिथेनला किंमत लावायचा प्रस्ताव आणला, तेव्हा 'ग्राउंडस्वेल' या शेतकरी संघटनेचे लोक पुन्हा रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी सत्ता बदलली. 2025 मध्ये नव्या सरकारनं कर साफ नाकारला, शिवाय 2050 पर्यंतच्या मिथेन-कपातीचं लक्ष्य 24 ते 47 टक्क्यांवरून 14 ते 24 टक्क्यांवर आणलं. देशाचे निम्म्याच्या आसपास हरितगृह वायू शेतीतून निघतात, तरीही.

मग जिंकलं कोण? डोंगरउतारावरचे मेंढ्यांवाले तर नक्कीच नाहीत. 1982 मध्ये इथे सात कोटी मेंढ्या होत्या, आज अडीच कोटीसुद्धा नाहीत. आधी अनुदानं गेली, मग लोकरीचा भाव पडला. अलीकडे भर पडली ती पाइनच्या झाडांची. कार्बनच्या बाजारात झाडं लावणाऱ्याला क्रेडिट (हवेतला कार्बन शोषल्याबद्दलची, विकता येणारी पावती) मिळतं, त्यामुळे कुरणं विकली जाऊन तिथे पाइन उभे राहतात. मेंढीवर एक डॉलर कर नाही, तरी जमीन हातची गेली. या शेतकऱ्यांचा राग मला खरा वाटतो. पण त्यांच्या नावानं मोठ्या डेअऱ्यांनाही सूट मिळाली, हे त्या व्हिडिओत दिसत नाही.

2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारत मिथेन कपातीच्या जागतिक संकल्पात सामील झाला नाही, ते योग्यच केलं. इथे एका गोठ्यात सरासरी चारशेवर गाई असतात. कोल्हापुरात दोन म्हशींवर पोरांच्या फिया भरल्या जातात. त्या घरावर कर लावायचा विचारही नको. पण म्हणूनच इथल्या चारशे गाईंवाल्याची घोषणा आपण उसनी का घ्यावी?

आपल्याकडे कमी दूध देणारं जनावर दर लिटरमागे जास्त मिथेन सोडतं आणि मालकाला पैसेही कमी देतं. त्यामुळे वेळेवर लस, बरा चारा, मुरघास आणि चांगलं रेतन मिळालं, तर कोणावर कर न लावता दोन्ही सुधारतं. दूध संघाच्या सभेत दरफरकाबरोबर हाही विषय लावून धरता येईल. त्यासाठी हवामानबदलावर विश्वास असायचीही गरज नाही.