माझं पार्सल, हिचा फराळ

एकदाचं ओकून टाकते, नाहीतर डोकं फुटेल. माझी रूममेट माझं टपाल चोरते. हो, चोरते. "चुकून घेतलं असेल गं" वगैरे माझ्यासमोर कुणी बोलू नका.

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली नुसती एक कॉट भाड्यानं घेऊन राहिलेल्यांना सांगायला नको. मी सकाळी अभ्यासिकेत गेले की रात्रीच उगवते. बाईसाहेबांचं काम घरून, त्यामुळे दिवसभर खोलीत. पोस्टमन येतो दुपारी. म्हणजे सही तिची, पाकीट तिचं आणि आतला मालही तिचाच! रजिस्टर्ड पोस्ट होतं तेव्हा निदान ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायची पद्धत होती. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं आणि साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर जो भेटेल त्याला मिळतं. आमच्या पत्त्यावर ही भवानीच भेटते.

परीक्षा तोंडावर म्हणून दिवाळीला घरी गेले नाही. आईनं बार्शीहून बेसनाचे लाडू, शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या असं सगळं बांधून पाठवलं. मला दिसलं काय? ओट्यावर घासून पालथा घातलेला डबा. झाकणावर आईनं मार्करनं लिहिलेलं माझं नाव, तेसुद्धा तारेच्या घासणीनं अर्धं उडवलेलं. विचारलं तर म्हणते, "अगं, मैत्रिणी आल्या होत्या, म्हटलं आपल्यात काय तुझं-माझं!" आणि हीच बया दुधाच्या पिशवीचे निम्मे पैसे त्याच संध्याकाळी गुगल पेवर मागते. सिलिंडर संपला की भागाकार करून मेसेज. तिथे बरं तुझं-माझं सुचतं!

लायसन्सचं तर विचारूच नका. ट्रॅकिंगवर डिलिव्हर झालेलं, माझ्या हातात काही नाही. पोस्टात जाऊन तावातावानं भांडले, तर त्या बिचाऱ्या माणसानं सही दाखवली. वळणदार, टिंबासकट, हिचीच. शेवटी पाकीट हिच्या गादीखाली सापडलं, एका कडेनं कात्रीनं सुबक कापलेलं. वर तोंड करून सांगते, "मला वाटलं माझंच आलंय." अगं, तुला सायकल चालवता येत नाही, लायसन्स कुठून येणार तुला?

चार्जर, क्रीम, चालू घडामोडींचं मासिक, ते सगळं गेलंच.

पीएसआयचा अभ्यास करतेय, त्यामुळे कायदा पाठ आहे, हेच जास्त झोंबतं. भारतीय न्याय संहिता, कलम ३०३. पण चोरीचा माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. चौकीत एनसी, म्हणजे अशा गुन्ह्याची नुसती नोंद घेतात आणि घरी पाठवतात. पहिल्यांदाच दोषी ठरली आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा काय, समाजसेवा! आता पोटात गेलेले लाडू परत कसे घेऊ? मालकीणबाईंकडे गेले, तर "मुलींनो, आपसात मिटवा." अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, मधेच सोडलं तर डिपॉझिटवर पाणी.

स्पीड पोस्टाला ५ रुपये अधिक जीएसटी जास्त भरले की ओटीपीशिवाय टपाल हातात देत नाहीत. आईला फोनवर हे नीट समजावलं. तर ती म्हणते, "पैसे कशाला घालवायचे, मैत्रीण आहे की घरी!"

आणि काल ती मैत्रीण मला विचारते, "काकू संक्रांतीला पाठवणारेत का गं काही? मागच्या चटणीत मीठ जरा कमी होतं."

मीठ कमी होतं म्हणे!