झाडच तर आहे म्हणे!

आज डोकं इतकं फिरलंय की दुपारचं जेवण घशाखाली उतरलं नाही. लिहून मोकळी होते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

सकाळी मायला घेऊन चंद्रपूरला गेले होते, श्रीलंकेच्या सहलीची चौकशी करायला. ऑफिसचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने काचेखालून एक पत्रक काढलं, पाच रात्री सहा दिवस, आणि पिवळ्या मार्करने एकेक ओळ रंगवायला घेतली. कोलंबोत शॉपिंग. बेंटोटाला बीच. कँडीत रत्नांचं दुकान. वाटेत मसाल्याची बाग. माय पदर सावरून बसली होती, सगळं ऐकून घेतलं तिनं. त्याचं संपल्यावर विचारलं, "आन् अनुराधपूर?" तो म्हणाला, "आजी, तिथे बघायला काही नाही. झाडच तर आहे." आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसावं अशी त्याची अपेक्षा असावी.

मी मायचा हात धरला आणि उठले.

आता तुम्हाला सांगायची गरज नाही, पण त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवं होतं. ते "झाड" म्हणजे जय श्री महाबोधी. ज्या पिंपळाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली, त्याची फांदी सम्राट अशोकाच्या लेकीने, संघमित्तेने, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात समुद्र ओलांडून लंकेत नेली. राजा देवानंपिय तिस्साने ती अनुराधपूरला लावली. बोधगयेचं मूळ झाड काळाच्या ओघात गेलं, आज तिथे उभा आहे तो त्याचा वंशज. अनुराधपूरचा मात्र तेवीसशे वर्षं तसाच उभा आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत जगातला सर्वांत जुना म्हणून त्याला मान आहे. आणि आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष? तो याच अनुराधपूरच्या झाडाच्या फांद्यांपासून वाढलाय. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या तिथून आणून लावल्या.

माय दर वर्षी दीक्षाभूमीला जाते. पांढरं लुगडं, पिशवीत पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. गर्दी कितीही असो, त्या झाडाजवळ थोडा वेळ बसल्याशिवाय परतत नाही. झाड लंकेवरून आलं हे तिला आमच्या विहारात आलेल्या एका भंतेजींनी सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन एवढंच म्हणाली, "मंग त्याच्या मायले भेटाले पाह्यजे." झाडाच्या मायला. हे वाक्य मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितेय.

आणि त्या बाईसमोर कोणी म्हणतो, झाडच तर आहे.

बरं, पॅकेजने गेलं की स्वस्त पडतं, भाषेची अडचण येत नाही, सामान हरवलं तर फोन करायला माणूस असतो. मान्य आहे. पुढे.

मला राग पत्रकाचा नाही. ते पत्रक कोणासाठी तरी बरोबर असेलही. राग याचा आहे की आमच्यासारख्यांना स्वतःची इच्छा असते, हेच या लोकांच्या डोक्यात बसत नाही. खेड्यातून आलेत ना, मग टाका गाडीत, दाखवा समुद्र, न्या दुकानात, आणा परत. "डिपार्चर १२ जूनलाच आहे, तारीख बदलत नाही" असं ठासून सांगत होता. १२ जूनला! मृग लागल्यावर! माझा भाऊ आठ एकर कोरडवाहू करतो. पहिला पाऊस पडला की बियाणं मातीत गेलं पाहिजे, त्या आठवड्यात तो वरोऱ्याला सुद्धा जात नाही. हे सांगितलं तर तो मुलगा म्हणे, "मग त्यांना राहू द्या, तुम्ही या." म्हणजे मायला तिच्या आयुष्याच्या एकुलत्या एका विदेशवारीला तिच्या लेकाशिवाय न्यायचं, कारण यांच्या बसमध्ये सीट भरायच्या आहेत.

आमच्या घरात तारीख कशी ठरली ते सांगते. बुद्धपौर्णिमेला माय गाव सोडणार नाही, कारण विहारातल्या खिरीचं पातेलं तिच्या हातचं असतं. त्यावर चर्चाच नाही. मृगाच्या आत भाऊ परत हवा. माझ्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या, विदर्भातल्या शाळा तशाही उशिरा उघडतात. म्हणजे उरला मे महिन्याचा शेवट. इतकी साधी गोष्ट. आता मे-अखेरीस श्रीलंकेत काय असतं? तिथे दोन पावसाळे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो कोलंबो, बेंटोटा, गॉल या बाजूला कोसळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो उत्तर आणि पूर्व किनाऱ्याला. म्हणजे तो मुलगा जूनमध्ये आम्हाला ज्या बेंटोटाच्या बीचवर नेणार होता, तिथला समुद्र त्या दिवसांत खवळलेला असतो, पाण्यात उतरायची सोय नाही. आणि अनुराधपूर कोरड्या पट्ट्यात. पूर्वेचं त्रिंकोमाली तर याच महिन्यांत सर्वांत छान, समुद्र शांत, पाणी उथळ. अनुराधपूरहून शंभरेक किलोमीटर फक्त. ज्याचा धंदाच हा आहे त्याला हे ठाऊक नसावं? की ठाऊक आहे आणि आम्हाला कळणार नाही असं गृहीत धरलंय?

आकाशाकडे बघून वर्षाचा हिशोब मांडणाऱ्या माणसांना पावसाचं शिकवायला निघालेत.

थोडं पाणी पिऊन आले. वहिनीनं चहा दिला, म्हणाली, "ताई, जाऊ द्या ना, आपलं आपण करू." तेच करतोय. परवापासून माझ्या शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर चाललंय. तेही लिहिते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी अशी एक माय असेल.

सगळ्यात आधी मुंबई खोडली. सगळी पॅकेजं "मुंबई ते मुंबई". आमच्यासाठी मुंबई म्हणजे उलट दिशेला जाऊन परत खाली यायचं. बल्लारशाहून जीटी एक्स्प्रेस पकडली की एका रात्रीत चेन्नई, आणि चेन्नईहून कोलंबोचं विमान दीड तासाच्या आसपास. नकाशा उलगडला तर शाळेतलं पोरगंही सांगेल.

दुसरं, कोलंबोचं विमानतळ कोलंबोत नाहीच. ते कटुनायकेला, नेगोम्बोच्या जवळ. तिथे एक रात्र झोपायचं आणि सकाळी सरळ उत्तरेला अनुराधपूरला निघायचं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवायची गरजच नाही. तिकडे ड्रायव्हरसकट गाडी ठरवायची पद्धत आहे, पूर्ण सहलीभर तोच माणूस सोबत, आणि बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय असते. रस्ते चांगले असले तरी वेग येत नाही, डोंगरात तर ताशी तीस-पस्तीसच धरायचे. म्हणून रोज एक गाव नको. माय गाडीत आखडून जाते.

अनुराधपूरला निवांत थांबायचं. सकाळी लवकर झाडापाशी. डोकं उघडं, पाय अनवाणी, खांदे-गुडघे झाकलेले, आणि पांढरे कपडे. लोक तिथे पांढऱ्यातच येतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा माय उठली, पेटी उघडली, विजयादशमीचं लुगडं काढून पुन्हा घडी घालून वर ठेवलं. अजून तिकीट नाही, आणि तिची बॅग भरायला सुरुवात झाली. झाडाला हात लावता येत नाही, वरच्या ओट्याला सोनेरी कठडा आहे. ते तिला सांगितलं. म्हणाली, "हात कायले लावाचा? बसाचं आहे फक्त." बसायचंय तिला. पंधरा मिनिटं देऊन शिट्टी मारणाऱ्या गाईडबरोबर ते कसं जमायचं, सांगा.

तिथूनच जवळ मिहिंतले, जिथे संघमित्तेचे भाऊ महिंद थेर पहिल्यांदा राजाला, देवानंपिय तिस्साला, भेटले. पायऱ्या १८४०. मायचे गुडघे निंदणात गेले, आयुष्यभर दुसऱ्याच्या आणि मग आपल्या वावरात वाकून. पण गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, तिथून उरलेल्या पायऱ्या ती हळूहळू चढेल, नाही जमलं तर खाली बसेल. सिगिरिया मात्र काट मारला. बाराशेच्या आसपास पायऱ्या, वर उघडा खडक, मे महिन्याचं ऊन. सगळे म्हणतात श्रीलंकेत जाऊन सिगिरिया नाही? नाही. खालून बघू. खडक खालूनही दिसतो. (ज्यांना चढायचंय त्यांच्यासाठी: सार्क देशांच्या पासपोर्टवर तिकिटात सवलत आहे, पासपोर्ट सोबत ठेवा.)

मग त्रिंकोमाली. हे शेजारच्या काकूंसाठी. काकू माळकरी, माय विहारातली, चाळीस वर्षं एकाच बांधावर बसून डबा खाल्ला दोघींनी. माय चालली म्हटल्यावर काकूंनी दागिना मोडायची तयारी दाखवली, आम्ही मोडू दिला नाही. त्रिंकोमालीला समुद्राच्या कड्यावर कोणेश्वराचं मंदिर आहे, महादेवाचं. काकू तिथे जातील, माय बाहेर वारा खात बसेल किंवा सोबत जाईल, त्यांचं त्या बघतील. आणि समुद्र. मायनं समुद्र पाहिलाय फक्त दादरला, सहा डिसेंबरला, चैत्यभूमीच्या गर्दीतून दुरून. तिनं पाण्यात पाय घालावेत अशी माझी इच्छा आहे. ही माझी.

काकूंच्या जेवणाचं जरा अवघड आहे. भात, नारळ, भाज्या भरपूर, पण तिथल्या सांबोलमध्ये, म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत, आणि कितीतरी भाज्यांत सुक्या मासळीचा चुरा घालतात. प्रत्येक ठिकाणी आधी विचारावं लागणार. ठेचा आणि ज्वारीचं पीठ बांधून नेतोय.

तिथून दंबुल्लाची लेणी करत कँडी. तथागतांचा दात जपलेलं दंतधातूचं मंदिर. आणि कँडी फक्त तेवढ्यासाठी नाही. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, ती कँडीलाच भरली होती. सहा वर्षांनी नागपूरची धम्मदीक्षा, आणि दोनच दिवसांनी आपलं चंद्रपूर, १६ ऑक्टोबर १९५६. माझे आजोबा त्या मैदानात होते. पत्रकात कँडीसमोर काय लिहिलं होतं, आठवतंय ना? रत्नांचं दुकान. आणि अनुराधपूरचं नाव नव्हतं, कारण झाडच तर आहे. पुन्हा डोकं तापायला लागलं.

शेवटी वहिनीची रेल्वे. कँडीहून नुवारा एलियाच्या बाजूला, चहाच्या मळ्यांतून. नानू ओया स्टेशनला उतरायचं, गाडी तिथे येऊन थांबलेली असेल. वहिनी बाकी काही मागत नाही कधी. तिला खिडकी द्यायची असं भावाने आताच जाहीर केलंय.

मायचा पासपोर्ट आला. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, त्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तशीच. पोस्टातल्या केंद्रात फोटो काढताना डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला. अर्जावर सही तिनं स्वतः केली, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, वेलांटी जरा मोठी. तेव्हा कोणी हसलं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी "आई, सावकाश करा, घाई नाही" म्हटलं. त्या बाईंना मी विसरणार नाही.

आमच्या शाळेत एक सर म्हणाले, "एवढी डोकेफोड कशाला मॅडम, पहिल्यांदा जाताय, ठरलेल्यानेच जावं." सर मनाने चांगले आहेत. पण पहिल्यांदा जातोय म्हणूनच तर. माय सत्तरीच्या पुढची आहे, काकूही. यांच्यासाठी दुसरी वेळ नाही. ज्याला दर वर्षी जायचंय त्याने एखादी सहल दुसऱ्याच्या मर्जीने करून पाहावी.

तर आता तुमची मदत हवी आहे. जे अनुराधपूरला राहून आलेत त्यांनी सांगा, झाडाच्या अगदी जवळ, चालत जाता येईल असं साधं गेस्ट हाऊस कोणतं? तळमजल्यावर खोली हवी, जिना नको. दुपारी फरशी तापते म्हणतात, पायात मोजे चालतात का? आणि त्रिंकोमालीला काकूंच्या पोटाची सोय होईल असं तमिळ शाकाहारी खानावळीचं ठिकाण कोणाला माहीत असेल तर तेही. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत जायची परवानगी, मी ऑनलाइन भरणार आहे, चेन्नईत रात्र काढायला लागली तर एग्मोरच्या बाजूला ओळखीचं कोणी आहे का? इनबॉक्समध्ये नको, इथेच लिहा, बाकीच्यांनाही कामी येईल.