दुपारी वीज जास्त, संध्याकाळी बोंब

घरच्या सोलर विजेवरचा लेख आवडला, पण सगळा भर छतावरच्या पॅनलवर दिलाय आणि सूर्य मावळल्यावर काय ते एका ओळीत उरकलंय, खरी गोची तर तिथेच आहे ना! सोलर दुपारी भरभरून देतं आणि लोक घरी येऊन पंखे, टीव्ही, एसी लावतात संध्याकाळी सातनंतर. मग ती दुपारची वीज ठेवायची कुठे, बॅटरीत ठीक आहे पण आपल्याकडे सह्याद्री आहे की राव.

अकोले तालुक्यातला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प बघा, वर एक धरण, खाली शहापूरच्या बाजूला दुसरं, मधे चारशेएक मीटरचा उतार. वीज जास्त असली की पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. २५० मेगावॉट, २००८ पासून. १०० युनिट घातले तर साधारण ७०-८० परत मिळतात, म्हणजे तोटा आहेच, पण वाया जाण्यापेक्षा बरं.

आणि अजून एक, आधी घरातला वापर कमी करा मग पॅनल मोजा. आमच्याकडे ५ जुने पंखे होते ७५ वॉटचे, ते काढून ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले. रोज १० तास धरले तरी सव्वादोन युनिट वाचतात, म्हणजे रोज साधारण तेवढीच वीज देणारं अर्धा किलोवॉटचं पॅनल लावायचं वाचलं की. पण पंखे बदला म्हटलं की कुणी ऐकत नाही, पॅनलचे फोटो मात्र सगळे स्टेटसला टाकतात 😄