खून घरचा, परवानगी बाहेरची

घरच्या घरी एक रहस्यपट केला आणि तो डिस्कवर घालून विकायला काढला, एवढंच. आजकाल डिस्क कोण घेतं, हे विचारू नका. घरातल्या प्रत्येकानं ते विचारून झालंय. कोणालाही न सुचलेला प्रश्न वकिलांना सुचला. म्हणाले, "यातलं तुमचं काय काय आहे?"

म्हटलं, सगळंच! कथा माझी, दिग्दर्शन माझं, प्रेतसुद्धा मीच. शिवाय कलाकृती तयार झाली की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची अट बर्न करारानं, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानं, १९०८ सालीच काढून टाकली, हे मी वाचून गेलो होतो.

"छान. तुम्ही प्रेत होतात तेव्हा कॅमेरा कोणी धरला होता?"

मेहुण्यानं. वकील म्हणाले, मग काही देशांत तोही हक्क सांगू शकतो, तोंडी शब्दाला अर्थ नाही, लिहून घ्या. मेहुण्यानं सगळे हक्क लिहून दिले, पण त्या दिवसापासून तो या चित्रपटाला 'आपला' म्हणतो.

खरी गोची खुनाच्या प्रसंगात होती. मी जिन्याखाली मरून पडलोय आणि शेजारच्या खोलीत रेडिओवर प्रेमगीत चालू आहे. आम्हाला ती दिग्दर्शनाची कमाल वाटत होती, वकिलांना त्यात नुकसानभरपाई दिसली. गाण्याला म्हणे दोन कुलपं असतात. शब्द आणि चाल यांचं एक, रेकॉर्डिंगचं दुसरं, आणि बहुधा किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. ओघानं कानावर पडलेलं गाणं काही देशांत माफ असतं; पण आम्ही तर एडिटिंगच्या वेळी रेडिओचा आवाज मुद्दाम वाढवला होता. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असं मला भेटलेल्या प्रत्येक माणसानं ठणकावून सांगितलं. वकिलांच्या एकाही पुस्तकात ते सापडलं नाही.

मग भाच्यानं तीच धून शिट्टीवर वाजवली. रेकॉर्डिंगचं कुलूप गेलं, चालीचं जागेवर. इंटरनेटवर फुकट संगीत धुंडाळलं, तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे अटी पाळून फुकट वापरायच्या, परवान्यांतही पोटजाती! 'एनसी' असेल तर धंदा करायचा नाही. 'एनडी' असेल तर बदल करायचा नाही, आणि चित्राशी संगीत जुळवणं हाच बदल धरतात. 'एसए' असेल तर आपला अख्खा चित्रपट त्याच परवान्याखाली द्यायचा, म्हणजे कोणीही कॉप्या काढून वाटायला मोकळा. शेवटी भाच्यानं स्वतः चाल रचली. तेव्हा तो संगीतकार झाला, आणि लहान असल्यामुळे करारावर सही त्याच्या आईची. आई म्हणजे माझी सख्खी बहीण. तिनं घातलेल्या अटी एखाद्या बड्या कंपनीच्या वकिलालाही सुचल्या नसत्या.

आता आत्या. सिनेमात खुनी तीच. संमतीपत्राचा नमुना मी कुठूनसा उतरवला होता. आत्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली : "माझा चेहरा व आवाज संपूर्ण विश्वात, आज उपलब्ध असलेल्या व यापुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी..."

"अरे, विश्वात म्हणजे? मंगळावर कोण बघणार आहे मला?"

"अगं आत्या, असंच लिहितात सगळे."

"लिहू देत. पण कायमस्वरूपी म्हणजे मी गेल्यावरसुद्धा खुनीच का? आणि तो जवळून घेतलेला शॉट काढ आधी. त्यात माझ्या हनुवट्या दोन दिसतात."

शॉट निघाला. खुनाचा पुरावा नेमका त्याच शॉटमध्ये होता, त्यामुळे आता चित्रपटात खुनी कोण ते कळत नाही. रहस्य वाढलं, असं मेहुण्याचं मत.

बिनशर्त काम केलं ते फक्त मांजरानं. माकडानं काढलेल्या सेल्फीवरून अमेरिकेत खटला झाला होता. प्राण्यांना कॉपीराइटचा दावा लावता येत नाही, असं अपील न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. तो निकाल मी मांजराला वाचून दाखवला. त्याला आत्यापेक्षा कमी शंका होत्या.

कव्हरची तऱ्हा वेगळीच. डीव्हीडीचं ते ओळखीचं चिन्ह छापायचं, तर ते ट्रेडमार्क, त्याला परवाना. शीर्षकाचा रक्त ठिबकणारा फॉन्ट 'वैयक्तिक वापरासाठी' फुकट, विकायला लागलात की पैसे. ब्रिटनसारख्या देशात विकायचं तर चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी, याचं प्रमाणपत्रही लागतं. तिथे १९८४ पासून तसा कायदाच आहे. ब्रिटन आम्ही सध्या सोडून दिलंय.

अखेर डिस्क निघाली. पहिली मेहुण्यानं घेतली आणि आठवड्याच्या आत दुसऱ्याला विकली, तीही दुप्पट भावानं! मी तडक वकिलांना फोन लावला.

"विकू दे. एकदा विकलेली डिस्क पुढे विकायला बहुतेक देशांत मोकळीक असते. कॉपी नाही ना काढली?"

कॉपी नव्हती काढली. आत्यानं कव्हरवर झोकात सही ठोकून दिली होती, त्या सहीचेच पैसे जास्त आले.