नुसतं टाइप तर करायचंय

क्वार्टर नोट, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला साधारण एका ठोक्याचा स्वर, कुठल्या बटणावर आहे, या साध्या प्रश्नाला संगणकावरच्या संगीतलेखनाच्या दुनियेत किमान तीन उत्तरं आहेत. सिबेलियस या सॉफ्टवेअरमध्ये ती उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर चारवर बसते, म्यूझस्कोरमध्ये पाचवर आणि डोरिकोमध्ये सहावर. पाच आणि सहाचं एक वेळ समजू शकतं, ती घराणीच वेगळी. पण चार आणि सहाचं काय? २०१२ मध्ये सिबेलियसचं लंडनचं ऑफिस बंद झालं, तिथली मंडळी स्टाइनबर्ग या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २०१६ मध्ये त्यांनीच डोरिको आणलं. म्हणजे माणसं तीच, क्वार्टर नोट तीच, फक्त दोन बटणं पुढे. जुन्या ऑफिसबद्दल मनात काहीतरी असणार. मी तिन्हीकडे थोडी थोडी उमेदवारी केली आहे. परिणामी म्यूझस्कोर उघडलं तरी बोट सवयीने सहावर जातं, हवी असते क्वार्टर आणि उमटते हाफ, तिच्या दुप्पट लांबीची, बार (दोन उभ्या रेघांमधला ठरावीक ठोक्यांचा कप्पा) तिथेच भरतो आणि पुढची प्रत्येक नोट शेजारच्या बारमध्ये अतिक्रमण करते.

चौथाही एक मार्ग आहे. लिलिपाँड, १९९६ पासूनचं. त्यात टाइप करताना पानच दिसत नाही. अक्षर टाइप केलं की नोट, पुढे ४ लावला की क्वार्टर (इथे तरी आकड्याला काही अर्थ आहे), असं सगळं लिहून ते मशीनला द्यायचं आणि पान तयार होऊन येण्याची वाट पाहायची. येतं ते सुंदर येतं. किंवा मग येतच नाही, कारण कुठेतरी एक महिरपी कंस बंद करायचा राहिलेला असतो. लिलिपाँड वापरणारे लोक स्वभावाने फार शांत असतात. माझी तेवढी साधना नाही.

आणि एकदा निवड केली की ती जन्माची, असंही नाही. फिनाले हे असंच एक सॉफ्टवेअर १९८८ पासून चालू होतं. त्यावर लोकांच्या कारकिर्दी उभ्या राहिल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता पुढची आवृत्ती नाही. जुनी कामं म्यूझिकएक्सएमएल नावाच्या फाइलमधून दुसरीकडे नेता येतात. नोटा पोचतात. त्या नोटांना जागेवर बसवायला घालवलेल्या रात्री वाटेत गळतात.

या भानगडीत मी पडले ती एका संगीतकार मित्रामुळे. त्याने एक गाणं बांधलं होतं. एक गायिका, आणि साथीला फ्लूट, क्लॅरिनेट, हॉर्न, दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो. सगळं पेन्सिलने लिहिलेलं, मध्ये मध्ये बाण, आणि एके ठिकाणी "इथे मागचंच, पण वेगळं" अशी सूचना. "अगं, संगीत तयार आहे," तो म्हणाला, "नुसतं टाइप तर करायचंय. आणि हो, जरा प्रोफेशनल दिसू दे." या दोन वाक्यांच्या मध्ये जी मोकळी जागा आहे, तिच्यात माणसाचं तारुण्य जातं.

पहिल्याच पानावर मी विचारलं, "क्लॅरिनेटचा हा सी स्वर आहे, तो ऐकू येणारा सी की दिसणारा सी?"

"सी म्हणजे सी."

"अरे, बी-फ्लॅट क्लॅरिनेट आहे ना?"

"असेल. सी म्हणजे सी."

बी-फ्लॅट क्लॅरिनेटवाला कागदावर सी बघून वाजवतो तेव्हा बाहेर पडतो बी-फ्लॅट, एक पूर्ण स्वर खालचा. त्याच्याकडून खरा सी ऐकायचा असेल तर कागदावर डी लिहावा लागतो, आणि एफ हॉर्नवाल्यासाठी जी. असं का, हे विचारायला आता फार उशीर झालाय. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक बटण असतं. एका बाजूला केलं की पानावर ऐकू येणारे स्वर दिसतात, दुसऱ्या बाजूला केलं की वाजवणाऱ्याला हवे ते. बटण उत्तम चालतं. फक्त टाइप करायला बसण्याआधी ते कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक हवं, आणि संगीतकाराने पेन्सिल उचलली तेव्हा त्याच्या डोक्यातलं बटण कुठल्या बाजूला होतं, हेही. "सी म्हणजे सी" म्हणणाऱ्याच्या डोक्यात ते बटण बसवलेलंच नसतं.

माझा वेग बघून त्याने तोडगा काढला. "मी कीबोर्डवर वाजवतो, मशीन आपोआप लिहील." वाजवलं त्याने, अगदी जीव ओतून. एक स्वर किंचित रेंगाळला, दुसरा जरा लवकर सुटला. मशीनने ते एकूण एक रेंगाळणं प्रामाणिकपणे टिपून घेतलं. साध्या क्वार्टर नोटच्या जागी डॉटेड एट्थ (पाऊण क्वार्टर), तिला टाय, म्हणजे जोडरेघ, लावून थर्टी-सेकंड (क्वार्टरचा आठवा भाग), आणि उरलेल्या सांदीत चिमूटभर रेस्ट, म्हणजे शांतता. यावर उपाय क्वांटाइझ करणं, म्हणजे मशीनला बजावणं की भावनांकडे लक्ष देऊ नकोस. तेही केलं. मग लक्षात येतं की काळी पट्टी एकच असली तरी तिला नावं दोन आहेत, जी-शार्प (जीच्या अर्धा स्वर वर) आणि ए-फ्लॅट (एच्या अर्धा स्वर खाली). मशीनला दाबलेली पट्टी कळते, तिचं नाव ते अंदाजाने घालतं. ई मेजरमध्ये, जिथे जी-शार्पच अपेक्षित असतो, मध्येच ए-फ्लॅट छापला तर वाजवणारा वाजवतो बरोबर, पण त्याआधी अर्धा क्षण मान वर करून बघतो. तालमीत अशा सात माना वर झाल्या की काय वातावरण होतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

तर नोटा आत गेल्या. आता काम सुरू.

पूर्वी हे काम धातूवर व्हायचं. प्यूटर या मऊ मिश्रधातूची पातळ प्लेट घ्यायची, पाच दातांच्या अवजाराने एका ओढीत स्टाफच्या, म्हणजे नोटा बसवायच्या, पाचही रेघा मारायच्या, मग क्लेफ, शार्प, नोटांची डोकी यांचे पोलादी ठसे हातोडीने एकेक करून ठोकायचे. आणि हे सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. चुकलं तर प्लेट पाठीमागून ठोकून सपाट करायची आणि तेवढा भाग पुन्हा कोरायचा. जर्मनीतल्या हेन्ले प्रकाशनात तर विसावं शतक संपेपर्यंत ही ठोकाठोक चालू होती. कंट्रोल-झेडवर जगणाऱ्या माझ्यासारखीला या कारागिरांबद्दल अपार आदर आहे, आणि थोडा रागही. कारण पान कसं दिसावं हे त्यांनी हातोडीने ठरवून ठेवलं आणि ते निस्तरायचं आम्ही माउसने.

उदाहरणार्थ, हाफ नोट क्वार्टरच्या दुप्पट वेळ वाजते, पण पानावर तिला दुप्पट जागा द्यायची नाही, साधारण दीडपट. नोटेची दांडी साडेतीन घरं (घर म्हणजे स्टाफच्या दोन रेघांमधली जागा), म्हणजे बरोबर एक सप्तक उंच. एकेरी ओळीत नोट मधल्या रेषेवर असेल तर दांडी खाली. वाद्यांच्या ओळीत हळू-जोरात सांगणारी चिन्हं स्टाफच्या खाली, पण गायिकेच्या ओळीत ती वर, कारण खाली शब्द आहेत. हे आणि असे बरेचसे नियम सॉफ्टवेअरला तोंडपाठ असतात. दोन नियम एकमेकांच्या अंगावर आले की कुणाची बाजू घ्यायची, एवढंच त्याला कळत नाही. तिथे ते शांतपणे दोघांना एकावर एक छापून मोकळं होतं. मग गायिकेच्या डोक्यावर स्लर (स्वर जोडणारी कमान), स्लरच्या पोटात अ‍ॅक्सेंट (स्वर ठासायची खूण), त्यांना छेदून जाणारं क्रेशेंडो (आवाज वाढवायची खूण), आणि या गर्दीत "हळुवारपणे" अशी सूचना. स्लर उचलावा तर तो वरच्या ओळीतल्या शब्दांत घुसतो. ओळी एकमेकींपासून लांब सारल्या तर पानावर एक ओळ कमी मावते. आखूड पांघरुणाची तऱ्हा, डोकं झाकलं की पाय उघडे. आणि हे पाय नेहमी शेवटच्या पानावर उघडे पडतात. तिथे गाण्याचा शेवटचा बार एकटाच उभा असतो, उरलेलं पान कोरं.

त्या एका बारला मागच्या पानावर घ्यायला मी स्टाफची उंची सात मिलिमीटरवरून किंचित कमी केली. बार आला मागे. त्याच्यासोबत सगळ्या ओळींनी आपापल्या तुटायच्या जागा बदलल्या आणि पान उलटायच्या जागा मोडल्या.

पान उलटणं हा या विद्येतला सगळ्यात अवघड भाग, आणि त्यात संगीत काहीच नाही. स्कोअरमध्ये सगळी वाद्यं एकाखाली एक दिसतात, पण वाजवणाऱ्याला मिळतो फक्त त्याचा पार्ट, आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. पहिलं पान उजव्या हाताला येतं, म्हणजे उलटायची वेळ एक, तीन, पाच अशा विषम पानांच्या शेवटी. तिथे रेस्ट हवा. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड घेतात आणि आतल्या बाजूला बसलेला उलटतो. तेवढ्यापुरता निम्मा आवाज गेला तरी निभतं. आमच्याकडे दुसऱ्या व्हायोलिनला एकच माणूस, आणि मित्राने त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड एट्थ नोटा दिलेल्या.

"इथे तीन बीट रेस्ट दे ना," मी म्हटलं.

"अगं, ते हृदयाचे ठोके आहेत!"

"मग तीनच थांबव."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. मग मुखपृष्ठ म्हणून पहिलं पान कोरं ठेवून संगीत दुसऱ्या पानापासून सुरू केलं, म्हणजे दोन-तीन समोरासमोर आली आणि पहिली उलटापालट वाचली. पुढचीला पर्याय नव्हता. अशा वेळी पानाच्या कोपऱ्यात "व्ही. एस." छापतात, वोल्टी सुबितो, लगेच उलटा. दिसायला भारदस्त इटालियन सूचना. तिचा खरा अर्थ असा की पान लावणाऱ्या बाईने हात टेकले आहेत, आता तुमचं तुम्ही बघा.

एवढ्यात मित्राला प्लेबॅकचा शोध लागला होता. स्पेसबार दाबला की संगणक सगळं वाजवून दाखवतो, आणि तो कधीच तक्रार करत नाही, हाच त्याचा मोठा दोष. त्याच्या फ्लूटला फुप्फुसं नाहीत. सोळा बारांची सलग तान एका दमात मारून तो ताजातवाना. हॉर्नला शांत चाळीस बार मोजत बसायला लावलं तरी तो एक्केचाळिसाव्याला बिनचूक येतो. खऱ्या हॉर्नवाल्यासाठी त्या चाळीस बारांच्या शेवटी फ्लूटच्या ओळीचा तुकडा बारीक नोटांत छापावा लागतो, म्हणजे ते ऐकून त्याला कळतं की आपण आलो. मित्राला हे पटेना. "मशीनला बरोबर जमतंय," तो म्हणाला, जणू हॉर्नवाल्यानेच सराव वाढवायला हवा.

अखेर पार्ट छापले. स्क्रीनवर स्वच्छ दिसणारं पान कागदावर आलं की चुका कुठून तरी वर येतात, त्या पेन्सिलने टिपल्या, दुरुस्त केल्या, पुन्हा छापले. मग तालमीच्या आदल्या संध्याकाळी मित्राचा फोन. गायिका म्हणतेय, सी मेजर उंच जातंय, अर्धा स्वर खाली घेऊ.

"एक बटण असतं ना त्याला?"

असतं. तेही उत्तम चालतं. एका क्षणात सगळं बी मेजरमध्ये, पाच शार्प. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांपैकी आता एकच कामाची, व्हिओला आणि चेलोची तर एकही नाही. हॉर्नला एक शार्प होता, त्याचे सहा झाले. क्लॅरिनेट बिचारा दोन शार्पवर सुखात होता. त्याच्या पार्टवर आता सात, म्हणजे सप्तकातले सगळेच. सॉफ्टवेअरचीच विनवणी करून मी त्याला डी-फ्लॅटमध्ये नेलं, पाच फ्लॅटवर सुटका झाली. नवीन शार्पांनी जागा मागितली, ओळी ढकलल्या गेल्या, शेवटचा बार परत एकटा जाऊन उभा राहिला.

"क्लॅरिनेटवाल्याला हे कोण सांगणार?" मी विचारलं.

"सांगायचं कशाला?" मित्र म्हणाला. "वर कोपऱ्यात इटालियनमध्ये काहीतरी छाप ना. प्रोफेशनल दिसेल."