शिडावरच्या कुरडया

रविवारी सकाळी गच्चीवर गेलो, तर माझ्या शिडावर कुरडया.

शीड म्हणजे होडीचं शीड. माझी एक लेझर आहे, ऑलिंपिकमध्ये असते ती एकट्यानं हाकायची होडी. सेकंडहँड. उजनी धरणाच्या काठावर ओळखीच्या मच्छीमाराच्या अंगणात पालथी पडलेली असते. शीड मात्र मी घरी आणून ठेवतो, कारण उन्हानं ते कापड कुजतं. तेच कापड सोलापूरच्या मे महिन्यात दोन पिंपांच्या मधे ताणून बांधलेलं! डोलकाठी घालायच्या शिवणीत बांबू सारलेला. शिडाला एक पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असते, पलीकडून दुसरी होडी येतेय का ते दिसावं म्हणून. तिच्यावरही चार कुरडया.

"अगं, हे काय?"

"साड्या रंग सोडतात," बायको म्हणाली. "हे पांढरं आहे, आणि पडूनच तर असतं."

पडून असतं, कारण उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातला मृतसाठाच उरतो. २०२४ मध्ये तर उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. बुडालेलं पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक चपला घालून दर्शनाला जातात. तिथं होडी काय चिखलात घालू? पण हे मी बोललो नाही, कारण उजनीचा विषय निघाला की आमच्या घरात तो नळावर जातो. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी पहाटे उठते ती, आणि त्याच पाण्यावर वारा खायला जातो मी.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. नवऱ्याचे लूम होते, त्यामुळं कापड दिसलं की आधी चिमटीत धरतात. शिडाचा कोपरा धरला, चोळला, उन्हासमोर धरला, नखानं टोकरला.

"पॉलिस्टर आहे. विणलंय मात्र घट्ट. चादर नाही व्हायची ह्याची."

"होडीचं आहे, अक्का."

"होडीला कशाला कापड? पायडल असतं की."

"वाऱ्यावर चालते ही."

"आणि वारं पडलं तर?"

"थांबायचं."

"पाण्यात?"

"हो."

"थांबून काय करूलालाव मग तिथं?"

नऊ वर्षं होडी चालवतोय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी वाऱ्याचा अंदाज, पाण्यावरच्या सुरकुत्या वगैरे सांगत बसलो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोकडं वळून म्हणाल्या, "पित असतील."

बायको हसली. गेल्या नऊ वर्षांत माझ्या होडीवरून ती एवढी मनापासून हसल्याचं मला आठवत नाही.

ती होडीत बसलीय एकदाच. वळताना शिडाखालची आडवी दांडी या बाजूची त्या बाजूला जाते, तेव्हा वाकायचं असतं. मी "वाक!" म्हणालो. ती म्हणाली, "का?" पुढचं अंबाड्याला लागलं. घरी येईपर्यंत बोलली नाही, आणि मग एकच वाक्य बोलली, "एकट्याची होडी घ्यायची आणि वर बायकोला आवड नाही म्हणून सांगत फिरायचं."

म्हणून तर मोठी घेऊ म्हणतोय ना! दोघांना ऐसपैस बसता येईल अशी. त्यावर ती विचारते, "दोघं म्हणजे कोण?"

आता हे हसण्यावारी नेतो मी, पण राग येतोच. तिच्या भिशीला मी कधी नावं ठेवली? तिच्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला भर उन्हात गाडी हाकत गेलो, तीन तास बाहेर ओट्यावर बसलो, तिथं थांबून मी काय करत होतो हे कुणी विचारलं नाही. घरात माझं म्हणावं असं ते एक शीड, तर त्यालाही मिठाचे डाग.

संध्याकाळी दोघींनी मिळून ते झटकलं. शिडाला घडी पडू द्यायची नसते, गुंडाळायचं असतं. त्यांनी टोकं जुळवून चादरीची पक्की घडी घातली, वर हात फिरवला. अक्का म्हणाल्या, "भाऊ, ह्याच्याहून मोठं मिळतं का?"

हा प्रश्न मी बायकोच्या तोंडून ऐकायला टपलो होतो. मी सांगून टाकलं: होबी १६, दोन तळांची, दोघांची. माझं शीड ७६ चौरस फूट. तिची दोन मिळून २१८.

दोघी गप्प झाल्या. मनातल्या मनात कुरडया मांडत होत्या, हे कळत होतं.

"पांढरंच येतं का?" बायकोनं विचारलं.

"नाही, रंगीत पट्ट्यांचं. फार सुंदर दिसतं."

"मग नको," ती म्हणाली. "रंग सुटेल."