माँटगोमेरीचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन

रोझा पार्क्स यांचं नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. बसमधली जागा सोडली नाही, अटक झाली, मग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपवतात. पण बसमधला वर्णभेद कायद्याने संपला तो कोर्टाच्या निकालामुळे, आणि त्या खटल्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्याच. त्यांचं प्रकरण राज्याच्या कोर्टांत अडकून पडलं होतं. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दाद मागितली ती ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन यांनी. कॉल्विनला अटक झाली तेव्हा ती १५ वर्षांची होती, आणि ते घडलं रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या नऊ महिने आधी.

हा खटला ज्या तीन न्यायाधीशांपुढे चालला त्यांतले सर्वांत तरुण होते फ्रँक एम. जॉन्सन. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना नेमलं तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. ५ जून १९५६ रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असं १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं; तेच बसलाही लागू आहे, असं जॉन्सन आणि ज्येष्ठ न्यायाधीश रिचर्ड राइव्ह्ज यांनी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

लोकशाही सावरणाऱ्यांची नावं घेताना आपण आंदोलक मोजतो, नेते मोजतो, फार तर सुप्रीम कोर्ट मोजतो. खालच्या कोर्टातला न्यायाधीश हिशेबात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वॉशिंग्टनचे न्यायमूर्ती निकाल देऊन वॉशिंग्टनमध्येच राहतात. जॉन्सन यांना मात्र संध्याकाळी त्याच गावात घरी जायचं होतं, ज्या गावाला तो निकाल नको होता. त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला; कू क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेषी संघटनेची धमकावण्याची ती रीत. ओळखीपाळखीच्या गोऱ्या लोकांनी संबंध तोडले. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्ब फुटला. तो बहुधा जॉन्सन यांचंच घर समजून ठेवला होता. आई सुदैवाने बचावल्या आणि घर सोडून गेल्या नाहीत. वर्षानुवर्षं जॉन्सन कुटुंब मार्शलांच्या, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या, पहाऱ्यात राहिलं.

हा माणूस उत्तरेतून आलेला कोणी सुधारक नव्हता. अलाबामाच्याच डोंगराळ विन्स्टन काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला. गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धात सगळं राज्य संघराज्यातून फुटलं तेव्हा या काउंटीने त्याला विरोध केला होता. दुसऱ्या महायुद्धात जॉन्सन नॉर्मंडीत लढले, जखमी झाले. आणि अलाबामा विद्यापीठात कायदा शिकताना त्यांच्या वर्गात होते जॉर्ज वॉलेस, पुढे वर्णभेदाचा झेंडा मिरवणारे गव्हर्नर.

या दोन वर्गमित्रांची गाठ पडली ती न्यायाधीश म्हणूनच, आणि माझा सगळा मुद्दा इथे आहे. वॉलेस तेव्हा राज्याचे न्यायाधीश होते, म्हणजे मतांवर निवडून आलेले. कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदवून घेत नाहीत, या तक्रारींची चौकशी करायला केंद्राच्या आयोगाने नोंदवह्या मागितल्या आणि वॉलेस यांनी जाहीरपणे नकार दिला. जॉन्सन यांनी आदेश काढला: वह्या द्या, नाहीतर तुरुंग. जॉन्सन यांनी पुढे सांगितलं त्याप्रमाणे वॉलेस रात्री गुपचूप त्यांच्या घरी आले आणि मार्ग काढायला विनवू लागले. शेवटी वॉलेस यांनी आडवाटेने, ग्रँड ज्युरीच्या (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हातून वह्या पोहोचत्या केल्या. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना अवमानाच्या आरोपातून सोडलं, पण आदेश पाळला गेला होता हे निकालात स्पष्ट लिहून ठेवलं. वॉलेस यांनी बाहेर जाऊन आपण केंद्राला नमवल्याचा डंका पिटला, आणि त्याच डंक्यावर १९६२ ची निवडणूक जिंकली.

मतांसाठी वॉलेस यांना ते नाटक करावं लागलं. जॉन्सन यांना कोणाकडे मत मागायचं नव्हतं. अमेरिकन राज्यघटनेनुसार फेडरल न्यायाधीश वर्तन चांगलं असेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, पदावर राहतो आणि त्याचा पगार कमी करता येत नाही. ही तरतूद म्हणजे न्यायाधीशांचे लाड आहेत असं म्हणणाऱ्यांनी माँटगोमेरीकडे बघावं. मात्र तेवढ्याने भागत नाही, हेही खरं. शेजारच्या मिसिसिपीत हॅरल्ड कॉक्स नावाच्या न्यायाधीशालाही हेच संरक्षण होतं. १९६४ मध्ये मतदार नोंदणीला आलेल्या कृष्णवर्णीयांना त्यांनी भर कोर्टात चिंपांझी म्हटलं, आणि तरी ते खुर्चीवर राहिले. म्हणजे कायमची नेमणूक कोणाला धैर्य देत नाही. भित्र्या माणसाची सबब तेवढी काढून घेते.

अलाबामातल्या सेल्मा गावाहून माँटगोमेरीला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे जॉन्सन सरळ नायकासारखे वागत नाहीत. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपलं. दोन दिवसांनी पुन्हा निघणाऱ्या मोर्चाला जॉन्सन यांनीच मनाई केली: आधी सुनावणी, मग मोर्चा. किंग यांना पुलावरून परत फिरावं लागलं. अनेकांना तेव्हा हा विश्वासघात वाटला आणि तो राग मी समजू शकतो. तरी मला जॉन्सन यांचं बरोबर वाटतं. त्यांनी साक्षी ऐकल्या, मारहाणीचा पुरावा नोंदवला आणि १७ मार्चला परवानगी दिली ती भक्कम पायावर. अन्याय जेवढा प्रचंड, तेवढाच निषेधाचा हक्कही मोठा, हे त्या निकालाचं सूत्र. अलाबामातला अन्याय त्यांना एवढा मोठा दिसला की सार्वजनिक महामार्गावरून ५४ मैलांचा मोर्चा न्याय्य ठरला. रस्ता दोनपदरी असेल तिथे ३०० माणसांची मर्यादा, हेही आदेशात आहे. भावनेत वाहून न जाता एवढं मोठं पाऊल उचलणं मला थोर वाटतं.

मोर्चा संपला त्या रात्री व्हायोला लिउझो या कार्यकर्तीचा क्लॅनच्या लोकांनी खून केला. राज्याच्या कोर्टात त्यांच्यातला एक आरोपी सुटला. डिसेंबरमध्ये जॉन्सन यांच्या कोर्टात, सगळ्या गोऱ्या ज्युरीनेच तिघांना नागरी हक्कांविरुद्धच्या कटात दोषी ठरवलं आणि दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली.

पण मला विचाराल तर त्यांचं सर्वांत मोठं काम मनोरुग्णांचं. टस्कलूसाच्या ब्राइस रुग्णालयात पाच हजारांवर माणसं कोंबलेली होती. सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून राज्याने शंभराच्या आसपास कर्मचारी काढले आणि त्यातून खटला उभा राहिला. रिकी वायट हा वादी किशोरवयीन मुलगा. त्याला मानसिक आजार नव्हताच. ऐकत नाही म्हणून आणून टाकलेला. एका रुग्णाच्या रोजच्या जेवणावर राज्य ५० सेंटसुद्धा खर्च करत नव्हतं. १९७१ मध्ये जॉन्सन यांनी ठरवलं की ज्याला सक्तीने डांबलंय त्याला उपचार मिळणं हा घटनात्मक हक्क आहे, आणि पैसे नाहीत हे उत्तर चालणार नाही. पुढच्या वर्षी त्यांनी किमान निकषच लिहून दिले: एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, माणशी ८० चौरस फूट जागा, आठ जणांमागे एक शौचालय, १५ जणांमागे एक शॉवर. न्यायाधीशाने शौचालयं मोजायची का, असं तेव्हा विचारलं गेलं. राज्य मोजत नसेल तर दुसरं कोण मोजणार? त्या खटल्याची देखरेख २००३ पर्यंत चालली. जॉन्सन १९९९ मध्येच गेले होते.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक म्हणून निवडलं होतं, पण आजारपणामुळे ते राहिलं. १९७९ पासून ते अपील न्यायालयात होते. तिथला १९८५ चा निकाल आपल्यालाही जवळचा आहे: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जॉर्जियाच्या कायद्यावर त्यांनी प्रश्नचिन्ह लावलं. सुप्रीम कोर्टाने पुढच्याच वर्षी पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला, आणि २००३ मध्ये स्वतःचीच ती भूमिका चुकीची ठरवली. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कलम ३७७ बद्दल निर्णय देताना २००३ च्या त्या निकालाची चर्चा केली आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, सेल्माचा आदेश वाचाच, पण वायट खटल्याचं परिशिष्ट आधी वाचा. त्यात अलंकारिक भाषा कुठेही नाही. खोल्या, पलंग, गरम पाण्याचं तापमान, आणि रुग्णांकडून फुकट काम करून घेऊ नये अशी अट.